व्हेराक्रिप्ट: कागदपत्रांच्या तिजोरीला उत्तम, सी ड्राइव्हला नको

लॅपटॉप चोरीला गेला तर विंडोजचा लॉगिन पासवर्ड कामाला येत नाही. एन्क्रिप्ट न केलेली (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात न बदललेली) डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट्स सगळं उघडं. यावर फुकट आणि खात्रीचा इलाज म्हणजे व्हेराक्रिप्ट हा एन्क्रिप्शनचा प्रोग्राम. ट्रूक्रिप्ट या जुन्या एन्क्रिप्शन प्रोग्रामच्या कोडवरून २०१३ मध्ये ते निघालं. २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीने त्याची स्वतंत्र तपासणी केली आणि त्यात सापडलेल्या बहुतेक गंभीर त्रुटी लगेच दुरुस्त झाल्या.

'क्रिएट व्हॉल्यूम'मधला पहिलाच पर्याय, फाइल कंटेनर, घ्यावा. समजा २० जीबीची एकच फाइल बनवली, तर पासवर्ड देऊन माउंट केल्यावर (म्हणजे उघडून जोडल्यावर) ती नव्या ड्राइव्हसारखी दिसते. एन्क्रिप्शनची पद्धत एईएस आणि हॅशची पद्धत एसएचए-५१२ आधीच निवडलेल्या असतात, त्या तशाच राहू द्या. तीन अल्गोरिदमांची साखळी लावली की कॉपी रेंगाळते. कंटेनर पेनड्राइव्हवर ठेवायचा असेल तर आधी पेनड्राइव्हचं फॉरमॅट बघा, फॅट३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही. शेवटच्या टप्प्यात माउस किमान ३० सेकंद हलवा, किल्लीचे यादृच्छिक आकडे त्यातून तयार होतात.

पासवर्ड देवनागरीत चालतो. मर्यादा १२८ बाइटची आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण ९. तरीही रोमन लिपीच बरी. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच, पण व्हेराक्रिप्टच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड. दुसऱ्या मशीनवरचा कीबोर्ड वेगळा निघाला तर पाठ असलेला पासवर्डही लागणार नाही. २० किंवा जास्त अक्षरांचं, चार-पाच असंबद्ध शब्दांचं रोमन वाक्य घ्या. पासवर्ड विसरलात तर रीसेट नाही, कुणालाच तो काढून देता येत नाही.

डेटा एन्क्रिप्शन न फुटताही जाऊ शकतो, हेडर बिघडून. हेडर म्हणजे कंटेनरच्या सुरुवातीचा थोडासा भाग, त्यात मुख्य किल्ली असते. तो भाग बिघडला तर बरोबर पासवर्डही निरुपयोगी. फाइलच्या शेवटी त्याची प्रत असते, पण तीही त्याच डिस्कवर. म्हणून 'टूल्स'मधून 'बॅकअप व्हॉल्यूम हेडर' करून ती फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवाच. एक मेख आहे: पासवर्ड बदलला तरी हेडरची जुनी प्रत जुन्याच पासवर्डने उघडते, कारण मुख्य किल्ली बदललेली नसते. पासवर्ड फुटल्याची शंका असेल तर नवा कंटेनर करून फाइली त्यात हलवा.

अख्खी बाह्य डिस्क एन्क्रिप्ट केली तर ती जोडताच विंडोज 'फॉरमॅट करा' म्हणून खिडकी उघडतं. तिथे घरातल्या कुणी 'हो' दाबलं की हेडरवरच घाव बसू शकतो. कंटेनरमध्ये हा धोका नाही. एसएसडीवर आधीपासून उघड्या पडलेल्या फाइली नंतर एन्क्रिप्ट केल्या, तर जुन्या प्रती चिपमध्ये कुठेतरी राहू शकतात. नवी डिस्क रिकामी असतानाच एन्क्रिप्ट करावी.

सी ड्राइव्हसाठी मात्र विंडोजचंच बिटलॉकर घ्यावं, होम आवृत्तीत आणि मशीनला सोय असल्यास 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून लॅपटॉपपासून दूर ठेवा. व्हेराक्रिप्टने सी ड्राइव्ह एन्क्रिप्ट केला तर स्वतंत्र बूटलोडर (मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आणि तो बिघडल्यास लागणारी रेस्क्यू डिस्क सांभाळावी लागते, घरच्या वापराला हा व्याप परवडत नाही.

कंटेनर क्लाउडवर ठेवणाऱ्यांनी 'प्रेफरन्सेस'मधला बदलाची वेळ जपणारा पर्याय काढावा. तो चालू असताना फाइलची तारीख बदलत नाही आणि काही सिंक प्रोग्रामना बदल दिसतच नाही. तिथेच कंटेनर आपोआप बंद करणारा पर्यायही (ऑटो-डिसमाउंट, नव्या आवृत्त्यांत ऑटो-अनमाउंट) लावा. झाकण मिटून झोपवलेल्या लॅपटॉपमध्ये माउंट केलेला कंटेनर उघडाच असतो, त्याची किल्ली रॅममध्ये तशीच राहते.