कानाच्या मशीनचा ६७५ सेल: जुन्या कॅमेऱ्याच्या लाइट मीटरसाठी कितपत कामाचा?

"शटर चालतंय, पण मीटर गेलंय." ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एसआर-टी १०१ किंवा कॅनोनेट क्यूएल१७ असा जुना फिल्मचा कॅमेरा विकायला काढणाऱ्याकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. खालचं झाकण उघडावं, तर आत घड्याळाच्या दुकानातला एलआर४४ कागदाची घडी घालून कसाबसा बसवलेला असतो. असं मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र, मोडीत काढण्याआधी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घालून बघावाच. संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, जिथे श्रवणयंत्रांचं दुकान आहे तिथे तो मिळतो. सहा सेलचं कार्ड येतं आणि ते फिल्मच्या एका रोलपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

हे कॅमेरे पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहेत. तो सेल १.३५ व्होल्ट द्यायचा आणि संपत येईपर्यंत तेवढेच देत राहायचा. पाऱ्यामुळे त्याच्यावर बंदी आली. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने तो बंद झाला. त्याच्या जागी लोक घालतात तो अल्कलाइन सेल १.५ व्होल्टवर सुरू होतो आणि वापरागणिक उतरत जातो. सिल्व्हर ऑक्साइड स्थिर असतो, पण १.५५ वर. व्होल्टेज जास्त असलं की सुई गरजेपेक्षा वर जाते, उजेड भरपूर आहे असं दाखवते आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे उजेड कमी मिळालेली, येते. ही चूक कॅमेऱ्यानुसार अर्ध्या ते दीड स्टॉपची असू शकते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्यातही ती उन्हात वेगळी आणि सावलीत वेगळी, म्हणून आयएसओची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) चकती फिरवून पुरती निस्तरत नाही.

६७५ हा झिंक-एअर सेल. सेलवर हवेची भोकं झाकणारी निळी पट्टी आणि कार्डावर पीआर४४ असं दुसरं नाव असतं. व्होल्टेज १.४ च्या आसपास, आणि शेवटपर्यंत जवळजवळ सपाट. १.३५ पासूनचा उरलेला फरक कलर निगेटिव्हवर जाणवत नाही. स्लाइड फिल्म असेल तर एक रोल पडताळून घ्यावा.

बसवताना मापाचा प्रश्न येतो. पीएक्स६२५ चा व्यास सुमारे १५.६ मिमी, ६७५ चा ११.६. उंचीतही अर्ध्या मिमीहून जास्त फरक आहे. सेलभोवती नळाचा रबरी वायसर किंवा ओ-रिंग घालावी: आतून ११.५, बाहेरून १५ मिमीच्या आसपास. उंची कमी पडून सुई लुकलुकत असेल, तर ॲल्युमिनियम फॉइलची छोटी चकती सेलच्या उणे बाजूला ठेवावी. ती सेलच्या कडेला टेकता कामा नये, कारण कड अधिक (+) बाजूची असते आणि सेल जागीच शॉर्ट होतो. पट्टी सोलल्यावर सेल लगेच कॅमेऱ्यात टाकू नये. चार-पाच मिनिटं उघडा ठेवावा, मल्टिमीटरवर १.४ च्या जवळ आला की बसवावा. घाईत बसवलेला सेल सुरुवातीला कमी आकडा दाखवतो आणि दोष मीटरच्या माथी येतो.

आता मराठवाड्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा सेल भोकांतून हवा घेऊन चालतो आणि त्याच भोकांतून त्याच्यातलं पाणी उडतं. एप्रिल-मेच्या कोरड्या, चाळिशीपार उन्हात तो वापराने संपत नाही, वाळून संपतो. मीटरला लागणारा करंट इतका कमी असतो की कार्डावर छापलेली क्षमता इथे गैरलागू आहे. पावसाळ्यात दोन महिने चालणारा सेल उन्हाळ्यात काही आठवड्यांतच मान टाकू शकतो. यावर सोपा उपाय आहे: वरच्या भोकांपैकी एकच उघडं ठेवून बाकीच्यांवर सेलोटेपचा बारीक तुकडा लावायचा. मीटरला एका भोकाची हवा पुरते आणि वाळणं मंदावतं. टेप मधोमध आणि लहानच असावी, नाहीतर झाकणाचा संपर्क तुटतो. काढलेली पट्टी परत चिकटवून फारसा फायदा होत नाही. कॉक्लियर इम्प्लांटसाठीचे (शस्त्रक्रियेने बसवलेल्या श्रवणयंत्रासाठीचे) ६७५ मात्र घेऊ नयेत; त्यांना हवा जास्त लागते, म्हणून ते वाळतातही लवकर. सेल कोणत्या तारखेला उघडला ते कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावं.

सेल बसला की मीटर तीन उजेडांत तपासावं. दुपारच्या स्वच्छ उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन, हिरव्या गवतावर रोखावं: आयएसओ २०० ला एफ/१६ छिद्र आणि १/२५० सेकंद शटरच्या आसपास यायला हवं. मग मोकळी सावली, मग खोली, आणि प्रत्येक वेळी मोबाइलवरच्या मीटर ॲपशी ताडून बघावं. बीबी का मकबऱ्याच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा वेरूळच्या काळ्या बेसॉल्टवर ही परीक्षा घेऊ नये. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरतं, त्यामुळे पांढऱ्यावर ते एक्सपोजर कमी सांगेल आणि काळ्यावर जास्त, बिघाड नसतानाही. वेरूळला आणखी एक गंमत घडते. कैलासच्या अंगणातल्या उन्हातून थेट अंधाऱ्या लेण्यात शिरलं की सुई काही काळ चुकीची राहते. मीटरच्या, उजेड टिपणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या डोळ्याला आधीच्या उजेडाची आठवण राहते, तो त्याचा स्वभाव आहे. मिनिट-दोन मिनिटं थांबावं, मग आकडा घ्यावा.

या सेलने काय सुधारत नाही तेही सांगायला हवं. उन्हात बरोबर आणि अंधारात चूक, असं असेल तर डोळाच म्हातारा झालाय. निकॉनच्या निकोरमॅट कॅमेऱ्यात रिंग फिरवताना सुई उड्या मारत असेल तर आतला कार्बनचा रेझिस्टर झिजलाय किंवा मळलाय. सुई अजिबात हलत नसेल तर आधी सेलचं घर बघावं. हिरवा-पांढरा थर पांढऱ्या व्हिनेगरच्या कापसाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. कापूस फक्त ओलसर हवा. व्हिनेगर आत उतरलं तर नवं दुखणं होतं. ओएम-१ मध्ये वरचा ऑन-ऑफ खटका वीस-तीस वेळा मागेपुढे केला तरी काही वेळा संपर्क सुधारतो. घर स्वच्छ असूनही मीटर मुकं राहिलं, तर खालची वायर आतून काळी पडलेली असते. ती कापून नवी डाग लावून जोडणं हे कारागिराचं काम. एसआर-टीत तळाचा खटका बीसीवर (बॅटरी चेकवर) नेला की सुई चौकोनी खुणेवर यायला हवी. ती तिथे पोचत नसेल तर सेल किंवा वायर यांपैकी एक दोषी.

पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवाल्यांनी या भानगडीत पडायची गरज नाही. त्यातल्या ब्रिज सर्किटला व्होल्टेजचा फरक पडत नाही. वर्षभर सेल बदलायचाच नसेल तर व्होल्टेज उतरवणारा एमआर-९ ॲडॅप्टर आणि त्यात ३८६ नंबरचा सिल्व्हर सेल हा जास्त निवांत पर्याय आहे, पण पहिला खर्च मोठा. महिन्याला एखादा रोल काढणाऱ्याला आमच्या मते ६७५ च योग्य.

कार्ड घेताना मागची तारीख बघावी आणि पट्टी सुटलेली नाही ना तेही. वापरलेले सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. गिळला गेला तर लगेच दवाखाना गाठावा लागतो.