१८–२०० मिमी ऑल-इन-वन झूम: बरेच महिने वापरल्यानंतर

ही लेन्स कॅमेऱ्यावर चढली ती आता क्वचितच उतरते. याआधी माझ्याकडे १८–५५ आणि ५५–२०० अशी जोडी होती. दोन्ही चांगल्या होत्या, पण समोर काही घडलं की हमखास दुसरीच लेन्स लावलेली असायची. बदलेपर्यंत पक्षी उडून जायचा, मुलं पाठमोरी व्हायची. एकच लेन्स आणि खिशाला झेपेल अशी, एवढ्या दोन अटींवर मी १८–२०० मिमी, एफ/३.५–६.३ (ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं), स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) असलेली लेन्स घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरसाठीच्या या वर्गातल्या लेन्सेसचे गुणदोष बरेचसे सारखे असतात, आणि मला त्या वर्गाबद्दलच लिहायचं आहे.

घेण्याआधी जुन्या फोटोंचा एक्झिफ डेटा चाळला. प्रत्येक फोटो किती फोकल लेंग्थला (मिमीतला आकडा; लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ) काढला हे त्यात नोंदलेलं असतं. मला वाटत होतं की टोकाचा झूम मी सतत वापरते. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त फोटो १८ ते ७० मधले निघाले, १३५ च्या पुढचे थोडेच. दुकानात आपण मागचा आकडा बघतो, २०० की २५० की ४००, आणि सुरुवातीच्या आकड्याकडे दुर्लक्ष करतो. खरं तर उलट करायला हवं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर २०० ला काढलेला फोटो २५० इतका दिसेल असा क्रॉप केला तरी १५ मेगापिक्सेल शिल्लक राहतात. १८ ला जे चौकटीत मावलंच नाही, ते मात्र नंतर कुठूनही आणता येत नाही. खोलीत सगळ्यांचा ग्रुप फोटो घेताना पाठ भिंतीला टेकली की १८ आणि १६ मधला फरक कळतो.

आता चित्राबद्दल. १८ ते ७० पर्यंत, एफ/८ ला, मधला भाग चांगला शार्प येतो; कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सच्या शेजारी ठेवला तर मला फरक शोधावा लागतो. कोपरे मऊच राहतात, १८ ला जास्त. १८ ला सरळ रेषा बाहेर फुगतात आणि साधारण ३५ च्या पुढे त्याच आत दबतात, त्यामुळे इमारतीची कड चौकटीच्या काठाला आणायची नाही हे आता हाताला सवयीचं झालंय. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फोटोवर सॉफ्टवेअरमधलं लेन्स प्रोफाइल लावलं की रेषा सुधारतात, आकाशापुढच्या फांद्यांवर दिसणारी जांभळी-हिरवी किनारही बरीच जाते. तुम्ही फक्त कॅमेऱ्यातच तयार होणारे जेपेग काढत असाल तर एक गोष्ट आधी तपासा: कॅमेऱ्यातलं करेक्शन दुसऱ्या कंपनीच्या लेन्सला लागू होतंच असं नाही.

२०० ला पूर्ण उघड्या ॲपर्चरवर चित्र सॉफ्ट आहे. दूरच्या पक्ष्याची पिसं वेगवेगळी दिसत नाहीत, रंगाचा एक पट्टा दिसतो. एफ/८ वर सुधारतं, एफ/११ च्या पुढे नेण्यात फायदा नाही, कारण तिथून डिफ्रॅक्शन (लहान छिद्रातून प्रकाश पसरून चित्र मऊ होणं) सुरू होतं. यामागचं कारण समजलं की लेन्सवरचा राग जातो. डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा असतो, म्हणून १८ मिमीसाठी मागे जागा सोडणारी उलट्या टेलिफोटोची रचना लागते. २०० ला नेमकी त्याच्या विरुद्ध रचना हवी. त्याच काचा पुढे-मागे सरकवून ही दोन्ही कामं, अकरा पट झूममध्ये, हलक्या नळीत आणि कमी किमतीत करून घ्यायची म्हटल्यावर कुठेतरी तडजोड होणारच.

प्रकाश हा या लेन्सचा खरा कमकुवत भाग, आणि त्याबद्दल परीक्षणांत पुरेसं बोललं जात नाही. एफ/३.५ फक्त १८ ला मिळतं. झूम रिंग फिरवली की ॲपर्चर भराभर लहान होतं. ५० च्या आसपास माझी लेन्स एफ/५ वर आलेली असते, पुढे ६.३. त्याच ५० ला एफ/१.८ ची साधी प्राइम (झूम नसलेली लेन्स) जवळपास आठपट प्रकाश आत घेते. संध्याकाळी हॉलमधल्या कार्यक्रमात हा आठपटीचा हिशोब आयएसओच्या (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) रूपाने वसूल होतो: प्राइमवर ८०० ला जमलं असतं ते इथे ६४०० ला. शिवाय अनेक डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच्या लेन्सेससाठी बेतलेला असतो. अंधुक प्रकाशात २०० ला फोकस पुढे-मागे भटकतो, तेव्हा मधल्या पॉइंटवर कॉन्ट्रास्ट असलेली कड धरली की बहुतेक वेळा पकडतो.

स्टॅबिलायझेशन मात्र मनापासून आवडलं. २०० ला हातात धरून एरवी १/३०० सेकंदाच्या आसपास शटर ठेवावा लागतो. मी १/५० वर स्थिर वस्तूंचे शार्प फोटो नेहमी काढते. बटण अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं हलणारं चित्र क्षणभरात स्थिरावतं, तो क्षण थांबून मगच पूर्ण दाबायचं. पण त्याने सावरतो तो आपला थरथरणारा हात, समोरचा पळणारा मुलगा नाही. त्याच्यासाठी शटर वेगवानच हवा, आणि तिथे पुन्हा एफ/६.३ आडवं येतं.

फुलपाखरांचे फोटो काढणाऱ्यांसाठी एक तपशील. जवळच्या अंतरावर फोकस केला की या लेन्सचं २०० हे २०० राहत नाही, चौकट चांगलीच रुंद होते. फोकस करताना काचा आत सरकतात, त्याचा हा परिणाम. जुन्या ५५–२०० ने त्याच जागेवरून फुलपाखरू ठळकपणे मोठं यायचं. दूरच्या डोंगरावर फोकस केला तर असा फरक पडत नाही.

कॅमेरा गळ्यात लटकत असला की नळी आपोआप खाली सरकते. नवीन असताना घट्ट होती, काही महिन्यांत सैलावली. लॉकचं बटण आहे, पण ते फक्त १८ ला लागतं. त्यामुळे थेट खाली धरून काही टिपताना झूम रिंगवर बोट दाबून ठेवावं लागतं. झूमबरोबर नळी लांब होते तशी हवा आत-बाहेर होते, पुढच्या काचेमागे धुळीचे दोन-चार कण दिसतात. फोटोत ते उमटत नाहीत. उलट लेन्स बदलणं जवळजवळ थांबल्याने सेन्सरवर धूळ बसणं खूप कमी झालंय. पूर्वी निळ्या आकाशातले काळे ठिपके पुसण्यात किती वेळ जायचा!

मला मिळालेला पहिला नग सदोष होता: उजवी बाजू डावीपेक्षा उघडपणे सॉफ्ट. आतली एखादी काच जराशी तिरकी बसली की असं होतं. नग बदलून घेतला, दुसरा व्यवस्थित निघाला. म्हणून लेन्स हाती आल्याबरोबर भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर लावा, स्टॅबिलायझेशन बंद करा आणि १८, ५०, २०० ला एफ/८ वर फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं एकमेकांशी ताडून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा पुसट असेल तर नग परत करा. परतीची मुदत असतानाच हे उरकून घ्या.

पर्याय बरेच आहेत. लांबचं फारसं लागत नसेल तर १८–१३५ किंवा १८–१४० घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. झूम कमी ताणलेला असल्याने बहुतेकदा एफ/५.६ वर थांबतो. मिररलेसवाल्यांसाठी (आरसा नसलेले कॅमेरे) सोनीची १८–१३५ फक्त ३२५ ग्रॅमची आहे, इतकी हलकी की बॅग उचलताना लेन्स आहे की नाही ते बघावं लागतं. टॅमरॉनची १८–४०० ही २०१७ सालची लेन्स पल्ल्याने मोह घालते, पण तिचं वजन ७१० ग्रॅम. पक्षी हाच तुमचा मुख्य विषय असेल तरच ते रोज खांद्यावर वागवण्यात अर्थ आहे. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, टॅमरॉनचीच २८–२००, एफ/२.८–५.६, ५७५ ग्रॅम, हा वेगळा आणि वरचा दर्जा आहे, पण ती फक्त मिररलेससाठी, आणि रुंद बाजूला २८ वर थांबते.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. या वर्गातल्या काही जुन्या लेन्सेसमध्ये स्टॅबिलायझेशन नाही. नाव सारखंच वाटतं, आकडेही तेच असतात. आणि निकॉनच्या डी३००० व डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे लेन्समध्ये मोटर नसेल तर सगळं हाताने फोकस करावं लागेल. विकणाऱ्यासमोरच स्वतःच्या बॉडीवर लेन्स लावून बघा, कॅमेरा खाली धरून नळी किती पटकन घसरते तेही बघा.

माझ्या बॅगेत आता ही लेन्स आणि जोडीला ५० मिमी एफ/१.८ एवढंच असतं. दिवसाउजेडी १८–२००, दिवे लागले की प्राइम.