नाइट ऑफ द लिव्हिंग डेड: १९६८ चा पाहावा की १९९० चा?

भयपटात कुणाला जागा मिळते, हे मनात ठेवून या दोघांपैकी एक निवडायचा असेल तर निवड वाटते तितकी सरळ नाही. मूळ चित्रपट जॉर्ज रोमेरोचा, रिमेक टॉम सॅव्हिनीचा. पण रिमेकची पटकथाही रोमेरोनंच लिहिली आहे. म्हणजे २२ वर्षांनी त्यानं आपलीच गोष्ट पुन्हा हातात घेतली. गोष्ट अशी: मेलेली माणसं झॉम्बी होऊन उठतात, जिवंतांवर तुटून पडतात, आणि बार्बरा, बेन, कूपर अशी काही माणसं रात्रभर एका घरात अडकतात. शेवट सांगितल्याशिवाय ही तुलना होत नाही, तेव्हा त्या तयारीनं वाचा.

बार्बराच्या बाबतीत रिमेक उघडच सरस आहे. १९६८ मध्ये भाऊ गेल्याच्या धक्क्यातून ती बाहेरच येत नाही, बराच वेळ सोफ्यावर शून्यात बघत बसते. ज्युडिथ ओडियाचं काम चांगलं आहे, पण बाईच्या वाट्याला एवढंच यावं हे आज बघवत नाही. १९९० ची पॅट्रिशिया टॉलमन आधी तितकीच घाबरते, मग सावरते, बंदूक उचलते. मला मात्र तिची बंदूक नाही, तिचं डोकं आवडलं. हे झॉम्बी इतके हळू चालतात की त्यांच्या बाजूनं चालत निघून जाता येईल, असं ती सांगते, आणि तिचं बरोबर असतं. पुरुष तळघरात लपायचं की नाही यावरून भांडत राहतात, तिचं कुणी ऐकत नाही. हे फार नेमकं लिहिलंय.

आता बेन. मूळ चित्रपटात या भूमिकेसाठी ड्वेन जोन्सला घेतलं ते त्याची ऑडिशन सगळ्यांत चांगली झाली म्हणून. पटकथेत बेनचा वर्ण लिहिलेलाच नव्हता. १९६८ सालच्या अमेरिकेत घरातला एकटा कृष्णवर्णीय माणूस बाकीच्या गोऱ्यांना हुकूम सोडतो आणि त्याच्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो चुकतो. तळघरात जायचं नाही हा त्याचाच हट्ट, आणि शेवटी त्या रात्री त्याचा जीव वाचतो तो तळघरातच. तळघराचा आग्रह धरणारा कूपर स्वार्थी आणि भेकड, पण त्या एका मुद्द्यावर खरा. असा नायक चुकूही शकतो, म्हणूनच मला तो पूर्ण माणूस वाटतो. रिमेकमधला कूपर पहिल्यापासून इतका आरडाओरडा करतो की त्याचं ऐकून घ्यावंसंच वाटत नाही. समोर टोनी टॉडसारखा ताकदीचा बेन असूनही भांडण एकतर्फी होतं.

पण माझं पारडं झुकलं ते बेनच्या मरणामुळे. मूळ चित्रपटात रात्रभर तगलेला बेन सकाळी खिडकीशी येतो आणि शेरीफच्या टोळीतला माणूस झॉम्बी समजून त्याला गोळी घालतो. मग स्थिरचित्रं येतात: हातातले लोखंडी हूक, ओढलेलं प्रेत, सरण. चित्रपटाची प्रिंट घेऊन न्यूयॉर्कला निघालेल्या रोमेरोला वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी कळली होती. हे ठाऊक असेल तर ती चित्रं आणखी जड जातात.

रिमेकमध्ये बेन जखमी होऊन तळघरात मरतो, झॉम्बी होऊन उठतो आणि मग त्याला गोळी लागते. म्हणजे ती गोळी योग्यच ठरते! हे मला आजही खटकतं. झाडांना टांगलेले झॉम्बी दाखवून सॅव्हिनी कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून मारण्याच्या त्या जुन्या हिंसेची आठवण जरूर देतो, पण ज्याच्या अंगावर ती यायला हवी तो बेन तोवर संपलेला असतो. जिवंत सापडलेल्या कूपरला बार्बरा स्वतः गोळी घालते आणि प्रेक्षकाचा राग तिथेच निवतो. बार्बराला न्याय मिळाला याचा आनंद आहे. त्यासाठी बेनचं मरण हलकं करायची गरज नव्हती, असं मला वाटतं. कुणाला रिमेकचा शेवट अधिक धाडसी वाटू शकतो, आणि त्यात तथ्यही आहे.

मेकअप, वेग, रंग यांत रिमेक पुढे आहे, त्यावर वाद नाही. निव्वळ बार्बरासाठी तो पाहणार असाल तर जरूर पाहा. एकच पाहायचा असेल तर मी १९६८ चा सुचवेन, आणि दोन्ही पाहणार असाल तरी सुरुवात त्यानंच करा. शीर्षक बदलताना कॉपीराइटची सूचना गळाल्यानं तो अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला, त्यामुळे सहज मिळतो, पण खराब प्रतीही तितक्याच फिरतात. नंतर रंगवलेली प्रत टाळा, जतन करून दुरुस्त केलेली कृष्णधवल प्रत शोधा. शेवटची स्थिरचित्रं तिच्यातच नीट दिसतात.