आयओएमएमयू नसेल तर कार्ड कोणत्या ड्रायव्हरला बाइंड करायचं: व्हीएफआयओचा नो-आयओएमएमयू मोड की यूआयओ?

डीपीडीके म्हणजे कर्नलला वळसा घालून प्रोग्राममधूनच पॅकेट हाताळायची लायब्ररी. तिच्यासाठी नेटवर्क कार्ड व्हीएफआयओ-पीसीआय या ड्रायव्हरला बाइंड करायला, म्हणजे जोडायला गेलात आणि एरर आली, की बरेच जण लगेच यूआयओ या जुन्या, साध्या ड्रायव्हरकडे वळतात. थांबा जरा, आधी बघा की आयओएमएमयू (कार्डाला मेमरीचा कुठला भाग वापरता येईल हे ठरवणारं हार्डवेअर) खरंच नाहीये की फक्त बंद आहे. बायोसमध्ये व्हीटी-डी किंवा एएमडी-व्हीआय (इंटेल आणि एएमडीची आयओएमएमयूची नावं) बंद असतं, इंटेलवर बूट लाईनला इंटेल-आयओएमएमयू ऑन दिलेलं नसतं, एवढंच कारण असू शकतं. सिसएफएसमधलं (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममधलं) आयओएमएमयू ग्रुप्सचं फोल्डर रिकामं असेल तर आधी हे तपासा, एका रीबूटचं काम आहे. स्वतःच्या क्यूईएमयू व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) व्हर्च्युअल आयओएमएमयू पण देता येतो.

खरंच नसेल तर दोन रस्ते, आणि एक गोष्ट आधीच सांगतो: मेमरीचं संरक्षण दोन्हीकडे शून्य आहे. कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, फिजिकल अ‍ॅड्रेसवर थेट लिहितं, मधे अडवणारं कोणी नाही. मी एकदा कार्डाची रिंग (पॅकेटच्या बफरांची रांग) चालू असतानाच तिचे बफर सोडून दिले होते, प्रोग्राम नीट बंद झाला आणि थोड्या वेळाने भलतीच प्रोसेस क्रॅश व्हायला लागली, कारण ती पानं आता तिच्याकडे गेली होती आणि कार्ड अजून पॅकेट ओततच होतं. दोन दिवस गेले शोधण्यात. आयओएमएमयू असता तर कर्नल लॉगमध्ये डीएमएआर फॉल्ट (आयओएमएमयूने अडवल्याची नोंद) आला असता, अ‍ॅड्रेससकट.

यूआयओ-पीसीआय-जेनेरिक कर्नलमध्येच असतो, लावायला सोपा आहे, पण त्याला फक्त जुना लेगसी इंटरप्ट समजतो, एमएसआय-एक्स हा नवा, अनेक इंटरप्टांचा प्रकार नाही, आणि एसआर-आयओव्हीच्या व्हीएफना (एकाच कार्डाच्या व्हर्च्युअल तुकड्यांना) लेगसी इंटरप्ट नसतोच. मग लोक आयजीबी-यूआयओ घेतात, तो कर्नलबाहेरचा, डीपीडीके २०.११ पासून मुख्य रेपोतूनही बाहेर गेलाय, म्हणजे कर्नल बदलला की परत बिल्ड करा, आणि सिक्युअर बूट असेल तर साइन केल्याशिवाय लोडच होणार नाही.

व्हीएफआयओचा नो-आयओएमएमयू मोड लिनक्स ४.५ मध्ये आला, २०१६ साली. कर्नल त्या ऑप्शनसह बिल्ड झालेला हवा, आणि मग मॉड्यूलचा 'इनेबल अनसेफ नोआयओएमएमयू मोड' हा पॅरामीटर १ करायचा. नावातच अनसेफ आहे आणि ते मला फार योग्य वाटतं! कर्नल टेंट होतो, म्हणजे त्याच्यावर 'डागाळलेला' अशी खूण लागते, त्यामुळे उद्या कोणी बग रिपोर्ट वाचला तर त्याला कळतं की इथे यूजरस्पेसला मोकळा डीएमए दिला होता. एमएसआय-एक्स मिळतो, आणि पुढे आयओएमएमयूवालं मशीन आलं तर ड्रायव्हर तोच राहतो. मात्र असं डिव्हाइस व्हीएमला पासथ्रू, म्हणजे थेट वापरायला, देता येत नाही.

रूट परवानगीचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखंच. व्हीएफआयओला रॉ-आयओ कॅपॅबिलिटी लागते, आणि फिजिकल अ‍ॅड्रेस शोधायला पेजमॅप (प्रोसेसची पानं फिजिकल मेमरीत कुठे आहेत हे सांगणारी कर्नलची फाइल) वाचावा लागतो, जो लिनक्स ४.२ पासून अ‍ॅडमिन कॅपॅबिलिटी नसेल तर फ्रेम नंबर शून्य दाखवतो.

मी तरी नो-आयओएमएमयू मोडच घेईन, पण फक्त टेस्ट मशीनवर किंवा जिथे एकच विश्वासातलं अ‍ॅप्लिकेशन चालतं तिथे. कर्नलमध्ये तो ऑप्शनच नसेल आणि कर्नल बदलणं हातात नसेल, तेव्हाच यूआयओ. आणि मशीन अनेकांचं असेल तर यातलं काहीच लावू नका, कार्ड कर्नलच्या ड्रायव्हरकडेच राहू दे आणि एएफ-एक्सडीपी (कर्नलचा जलद पॅकेट सॉकेट) वापरा, वेग थोडा कमी मिळेल पण डीएमए कर्नलच्या हातात राहतो.