दीड टन म्हणून 1.2 टनचा एसी गळ्यात मारला, घेताना बिल नीट बघा

आम्ही अकोल्यात राहतो, तिसरा मजला, वर थेट स्लॅब आणि आईबाबांची खोली नेमकी पश्चिमेला. विदर्भातला मे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको, रात्री अकराला पण भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं कूलरवर भागलं, वाळ्याच्या ताट्या बदलल्या की उन्हाळा निघून जायचा, पण कूलरला पाणी लागतं आणि आमच्याकडे नळ कधी चार दिवसांनी कधी सहा दिवसांनी, त्यात बाबांची बायपास झालेली. म्हणून मागच्या एप्रिलमध्ये एसी घ्यायचं ठरवलं आणि तिथून पुढं जे झालं ते सगळं लिहितो, थोडं लांबेल.

दुकान ओळखीचं होतं, मिक्सर फ्रीज सगळं तिथलंच. मालकानं विचारलं, "खोली केवढी हाय?" मी म्हटलं 12 बाय 14. "वर स्लॅब हाय का दुसरा मजला?" स्लॅब. "मंग एक टनात नाही होत तुमचं भाऊ, दीडच घ्या." आता गंमत बघा, सल्ला एकदम बरोबर दिला! 168 स्क्वेअर फूट, वर तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत, यात दीडच्या खाली जाऊच नये. बरेच दुकानदार स्क्वेअर फूट विचारतात आणि मोकळे होतात, यानं स्लॅबचं विचारलं म्हणून माझा विश्वास अजूनच बसला.

शोकेसमधल्या दीड टनावर 38,500 ची चिठ्ठी होती. म्हणाला, "सेम पीस गोडाऊनमधी हाय, खोका थोडा फाटलेला, 33,500 नगदी द्या अन् घेऊन जा." पाच हजार वाचतात म्हटल्यावर मी पण हुरळलो, खोटं कशाला बोलू. बिल दिलं, जीएसटी नंबर वगैरे सगळं होतं त्यावर, वस्तूचं नाव लिहिलं होतं "इन्व्हर्टर स्प्लिट एसी 3 स्टार, 1 नग". टन नाही, मॉडेल नंबर नाही. मी घडी करून खिशात टाकलं.

फिटिंगला दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली. फिटिंग फ्री सांगितलं होतं, पण स्टँडचे 900, जास्तीच्या पाइपचे वेगळे, स्टॅबिलायझर वेगळा, असे करून सहा-साडेसहा हजार अजून गेले. ते सगळीकडेच होतं म्हणून सोडून दिलं. जाताना एका पोरानं इनडोअर युनिटवर दुकानाच्या नावाचं चकचकीत स्टिकर लावलं, सर्व्हिससाठी संपर्क म्हणून. मला वाटलं जाहिरात करतायत, करू दे.

एप्रिलभर ठीक चाललं. मे लागला, पारा 44-45 ला गेला आणि एसीनं मान टाकली. 24 वर लावला तरी खोलीत 29 च्या खाली काटा येईना, बाहेरचं युनिट दिवसभर घरघर करत चालूच, थांबायचं नावच नाही. दुकानात फोन केला तर त्यांचा मेकॅनिक आला, पाच मिनिटं बघितलं आणि "गॅस कमी हाय". नवीन एसीत गॅस कमी कसा झाला विचारलं तर म्हणतो पाइप लांब पडला ना. 2,800 घेतले. गॅस भरताना सिलिंडर काट्यावर ठेवला नाही, लीक कुठं आहे तेही शोधलं नाही, नुसता पाइप लावला आणि काढला. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं, एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नाही जळून संपायला, तो बंद पाइपातच फिरत राहतो, कमी झाला तर कुठून तरी गळतोय एवढाच अर्थ, आणि गळती न काढता भरला तर परत जाणारच. बाहेरच्या युनिटच्या नेमप्लेटवर कंपनीनं किती गॅस भरलाय त्याचं वजनसुद्धा छापलेलं असतं. कोण वाचतं?

अर्थात काही फरक पडला नाही. त्या महिन्याचं लाइट बिल आलं 6,100, नेहमी 1,400-1,500 येतं.

शेवटी मेव्हणा म्हणाला दुकानाला सोड, डायरेक्ट कंपनीच्या टोल फ्रीवर तक्रार टाक. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, वयस्कर, बोलायला कमी. त्यानं जाळीच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, हवा 13 डिग्रीची येत होती. मग खोलीभर नजर फिरवली, भिंतीला हात लावला आणि विचारलं, "साहेब, केवढा एसी आहे हा?" मी म्हटलं दीड टन. तो काहीच बोलला नाही, त्यानं नखानं दुकानाचं ते स्टिकर एका कोपऱ्यातून उचललं. खाली बीईईचं (सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल, आणि स्टिकर बरोब्बर कूलिंग कपॅसिटीच्या, म्हणजे एसी किती थंडावा देतो त्या ओळीवर बसवलेलं. 4200 वॅट.

मग आम्ही दोघं डोक्याला टॉवेल बांधून गच्चीवर गेलो, बाहेरच्या युनिटची नेमप्लेट बघायला. तिथं पण 4200. त्यानं मोबाइलवर भागाकार करून दाखवला. एक टन म्हणजे 3517 वॅट, 4200 भागिले 3517 म्हणजे 1.19. "मशिनला काही झालं नाही साहेब, मशिन लहान आहे." पुढं असंही म्हणाला की हे 4200 पण बाहेर 35 डिग्री धरून मोजलेले, आपल्या 45 मध्ये मशिन त्याहून कमीच थंडावा देतं. म्हणजे आधीच लहान, त्यात उन्हात अजून लहान.

तेव्हापासून दुकानात गेलो की लेबलं वाचायचा नादच लागलाय. पूर्ण हिशोबानं दीड टन म्हणजे 5275 वॅट झाले, पण दीड म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी एसींवर 4700-4800 पण दिसतात आणि 5200 च्या आसपास पण, किंमत जवळपास सारखीच. तापलेल्या गावात, वरच्या मजल्यावर राहत असाल तर नुसतं "दीड" म्हणून घेऊ नका, वॅट विचारा. आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या, खोक्यावरच्या नंबराशी स्वतः एकेक अक्षर जुळवा, मग पैसे द्या.

मोठा घेतला की प्रश्न मिटला असंही नाही बरं. माझ्या बहिणीला डोंबिवलीत 10 बाय 11 च्या खोलीसाठी 2 टनचा दिला, साधा, इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे वेग कमी-जास्त न करता थेट बंद-चालू होणारा. तो दहा मिनिटांत खोली गार करतो आणि बंद पडतो, परत चालू, परत बंद, हवेतला दमटपणा निघायला वेळच मिळत नाही, चादरी ओलसर लागतात म्हणते.

असो. नेमप्लेटचे फोटो घेऊन दुकानात गेलो. मालक शांतपणे म्हणाला, "बिल दाखवा. दीड टन कुठं लिहेल हाय?" मी दोन मिनिटं नुसता उभा होतो. चिठ्ठीचा फोटो काढला नव्हता, पैसे नगद दिले होते. स्टिकरचं विचारलं तर "पोरानं लावलं असन, त्याले काय समजते." मग 9,000 अजून द्या, दीड टनचा देतो अशी ऑफर दिली. म्हणजे 42,500 ला पडला असता, चिठ्ठीवर 38,500 होते!

घरी येऊन 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. वकील वगैरे लागत नाही, तक्रारीचा नंबर मिळतो आणि ते दुकानदाराकडे विचारणा करतात. आठवड्याभरानं मालकाचाच फोन, आवाज एकदम मऊ, "भाऊ घरचे माणसं आपण, 3,000 घ्या अन् मिटवा." मी म्हटलं 1.2 टन दीड सांगून विकला हे लिहून द्या, मग बघू. ते अजून आलेलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं असतात आणि 5 लाखापर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, त्यामुळं कागद गोळा करून ठेवलेत, गॅसच्या 2,800 ची तर पावती पण नाही, ते बुडालेच समजा.

एसी मात्र आम्ही जूनमध्ये आतल्या 10 बाय 10 खोलीत हलवला, तिला पश्चिमेची भिंत नाही आणि वर पाण्याच्या टाकीची सावली पडते. आईबाबा आता तिथंच झोपतात. 26 वर ठेवतो, बाहेरचं युनिट अर्ध्या तासात आवाज कमी करतं आणि पहाटे आई उठून बाबांच्या अंगावर गोधडी टाकते.