नाकतोड्याच्या पायातली वाट: मार्गदर्शक पेशी की सेमाफोरिन?

नाकतोड्याच्या भ्रूणात पायाच्या टोकाजवळ दोन संवेदी चेतापेशी तयार होतात. त्यांचे अक्षतंतू (पेशीतून निघणारे लांब धागे) मध्यवर्ती चेतासंस्थेपर्यंत जातात आणि मागून येणारे तंतू त्याच वाटेने चालतात. पण या पहिल्या दोघींना वाट कोण दाखवतं?

एक उत्तर म्हणजे वाटेवरच्या मार्गदर्शक पेशी. १९८३ साली संशोधक बेंटली आणि कॉडी यांनी पायाच्या बुडाजवळच्या अशा पेशी नेमक्या मारल्या, तेव्हा तंतूंची दिशाच हरवली. इतका थेट पुरावा क्वचित मिळतो!

दुसरं उत्तर सेमाफोरिन प्रथिनांचं, म्हणजे वाढत्या तंतूंना दिशेचे संकेत देणाऱ्या प्रथिनांचं. सेमाफोरिन-२ए तंतूंना दूर लोटतं. सेमाफोरिन-१ए चा पट्टा त्यांना वळण देतो. प्रतिपिंडाने हे १ए अडवलं की तंतूंना भलतीकडे फांद्या फुटतात. दोन मार्गदर्शक पेशींमधल्या अंतरात तंतू कसे सावरतात, हे मला यातूनच नीट उमगतं. बुडाजवळच्या टप्प्यात मात्र पेशींशिवाय भागत नाही.