जोडीनं कोडिंग की एकट्यानं लिहून रिव्ह्यूला टाकायचं?

मित्रानं राजारामपुरीत ऑफिस घेतलंय, चार पोरं आहेत, सोमवारपासून काम सुरू. रंकाळ्यावर भेळ खाता खाता मला विचारतोय, पोरांना जोडीजोडीनं, म्हणजे एका स्क्रीनपुढं दोघं, बसवू का प्रत्येकाला आपापलं लिहू दे आणि पुल रिक्वेस्टवर (लिहिलेला बदल मूळ कोडमध्ये घेण्याआधी दुसऱ्याला तपासायला टाकायचा, ती) रिव्ह्यू करू? मी म्हटलं सांगतो सावकाश. ते राहूनच गेलं, म्हणून इथं लिहितोय, बाकी कुणाला उपयोग झाला तर झाला.

मी दोन्ही घरचं जेवलोय. पुण्यात चार वर्षं, तिथं पुल रिक्वेस्टशिवाय एक ओळ पुढं सरकायची नाही. मग कोल्हापूरला परत आलो, सहा जणांची टीम, गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर. पहिली दोन वर्षं इथंपण रिव्ह्यूचीच पद्धत चालवली, मीच हट्ट धरला होता तसा. आता जोडीनं बसतो, निदान अर्धा दिवस तरी. त्यामुळं मी अगदी तटस्थ आहे असं काही समजू नका.

एकट्यानं लिहिण्यातली मजा मात्र मी नाकारणार नाही. हेडफोन लावला, दार लोटलं, दुपारी दोन ते पाच कुणी हाक मारली नाही तर जे काम होतं ते जोडीत कधीच होत नाही असं मला अजून वाटतं. काही गोष्टींचा विचार गप्प बसूनच करावा लागतो आणि शेजारी माणूस असला की गप्प बसता येत नाही, दोन मिनिटं झाली की तो विचारतोच, अडकलास काय? शिवाय रिव्ह्यूला वेळेचं बंधन नाही. जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा आमचे दोघं पलीकडं अडकले, लाईट येईल तेव्हा लाईट, नेट येईल तेव्हा नेट. लाइव्ह शेअरवर, म्हणजे नेटवरनं एकच कोड दोघांनी उघडून, जोडी करून बघितली, दर पाच मिनिटाला ‘आवाज येतोय का’ यातच जीव गेला. त्या आठवड्यात पुल रिक्वेस्टनंच तारलं, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं बघितलं. आणि लिहिलेलं राहतं हा एक मोठा गुण आहे, दोन वर्षांनी ‘ही ओळ अशी का’ म्हणून शोधायला गेलं की त्या चर्चेत सापडतं. जोडीत झालेलं बोलणं चहाबरोबर संपतं.

इतकं सगळं बाजूनं असताना मी पलीकडं का गेलो, तर एका वैतागामुळं. तो जरा सविस्तर सांगतो.

आमच्या एका संस्थेचा दराचा नियम साधा होता. म्हशीच्या दुधाला ६.० फॅटला मूळ दर, त्याच्या वर प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ फॅटला, ठरलेले पैसे जादा. मी काय केलं, फॅटमधनं ६.० वजा केले, दहानं गुणलं, दशांशानंतरचं छाटून इंटिजर (पूर्णांक) करून घेतलं, झाले पॉइंट. कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या टेस्टपण लिहिल्या, ६.०, ६.५ आणि ७.०, तिन्ही हिरव्या, म्हणजे पास. मंगळवारी सकाळी पुल रिक्वेस्ट टाकली. मंगळवार गेला. बुधवारी संध्याकाळी विचारलं तर ‘बघतो की रे, जरा हातातलं उरकू दे’. गुरुवारी दुपारी कमेंट आल्या पाच. तीन व्हेरिएबलच्या नावावर, एक रिकाम्या ओळीवर आणि एक म्हणजे हे फंक्शन दुसऱ्या फाईलमध्ये हलव. तोवर मी रिपोर्टच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेलो, दराचं डोक्यातनं पार पुसलं गेलेलं, मग परत ती ब्रँच (त्या बदलाची वेगळी प्रत) उघडा, नावं बदला, फाईल हलवा, परत टाका आणि परत वाट बघत बसा. शुक्रवारी मंजुरीचा अंगठा आला. मर्ज, म्हणजे मूळ कोडमध्ये दाखल.

दहा दिवसांचं बिल निघालं आणि संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन. ‘साहेब, ६.२ ला जो दर लागलाय तोच ६.३ ला लागलाय. आणि ६.१ वाल्यांना तर जादा काहीच नाही. हे कसं काय ओ?’

ज्यांनी हे भोगलंय त्यांच्या लक्षात आलंच असेल. डबलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर दशांश आकडा ज्या प्रकारात ठेवतो त्यात, ६.३ हा नेमका ६.३ नसतोच, केसभर खाली असतो. त्यातनं ६ गेले की ०.२९९९९ असं लांबलचक काहीतरी उरतं, दहानं गुणलं की २.९९९९, इंटिजर केलं की ३ च्या जागी २. गंमत म्हणजे ६.२, ६.४, ६.५ बरोबर येतात आणि ६.१, ६.३, ६.६ चुकतात, म्हणजे माझ्या टेस्ट सगळे खड्डे चुकवून सरळ घरी पोचलेल्या. एका लिटरमागं काही पैशांचा फरक, पण म्हैस ज्याची त्याला तो दिसतो. रोज सकाळ-संध्याकाळ पावती हातात घेऊन दर बघणारी माणसं आहेत ती.

चूक माझी होती, रिव्ह्यू करणाऱ्याला मी दोष देत नाही, माणूस माझ्यापेक्षा हुशार होता. पण त्याच्यापुढं काय आलं होतं? तयार झालेला, टेस्ट पास झालेला, तीनशे ओळींचा माल. आपल्याकडं फाउंड्रीत काम केलेल्यांना विचारा, कास्टिंग थंड झाल्यावर फक्त घासणं उरतं. ‘ही पद्धतच का घेतलीस’ हे तिसऱ्या दिवशी विचारणं म्हणजे दुसऱ्याची तीन दिवसांची मेहनत मोडायला लावणं, आणि ते कुणाला नको असतं, मग माणूस नावांवर बोलतो. मीसुद्धा दुसऱ्यांच्या रिव्ह्यूत तेच करत होतो हे मला फोन ठेवल्यावर कळलं. रिकाम्या ओळी मी कितीतरी पकडल्यात.

दुरुस्तीला टीममधली नवीन मुलगी शेजारी बसली, सहा महिन्यांचा अनुभव. मी राउंड लावून, म्हणजे आकडा जवळच्या पूर्णांकाला नेऊन, मोकळा होणार होतो. ती म्हणाली, ‘दादा, फॅटच्या मशीनकडनं येतंय ते टेक्स्टच आहे ना, मग त्याचं डबल करायचंच कशाला?’ मी कीबोर्डवरचा हात काढला. फॅट ६.३ च्या जागी ६३ म्हणून घेतली, त्यातनं ६० वजा, ३ पॉइंट, विषय संपला. शेतकऱ्यांचा फरक पुढच्या बिलात जमा केला. हाच प्रश्न तिनं पुल रिक्वेस्टवर विचारला असता का? मला नाही वाटत, सहा महिन्यांची पोरगी सिनियरच्या कोडवर लेखी प्रश्न टाकत नाही. शेजारी बसल्यावर सहज तोंडातनं निघून जातं.

जोडीचा बोलबाला झाला तोसुद्धा अशाच हिशोबाच्या कामातनं, १९९६ च्या सुमारास क्रायस्लर कंपनीच्या पगाराच्या प्रोजेक्टवर केंट बेक आणि मंडळींनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग म्हणून जी पद्धत बसवली त्यात ही होती. ते प्रोजेक्ट पुढं २००० साली बंद पडलं हेही सांगून ठेवतो, नाहीतर मी आरतीच ओवाळतोय असं वाटायचं.

कारण जोडीचे त्रास आहेतच. पहिला, दमायला होतं. चार तास जोडीत बसलं की घरी जाऊन बायकोशी बोलायला शब्द शिल्लक नसतात. दुसरा, जोड बघून लावावी लागते, कुस्तीच्या मैदानात लावतात तशी. दोन सिनियर एकत्र बसवले की निम्मा दिवस नुसती खडाखडी, कुणीच डाव टाकत नाही. दोन अगदी नवखे बसवले की दोघं मिळून एकाच खड्ड्यात, वर आत्मविश्वास दुप्पट. जुना-नवा ही जोड चालते पण जुन्यानं कीबोर्ड नव्याच्या हातात दिला तरच, नाहीतर नवा माणूस तासाभरात मोबाईल काढतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. तिसरा त्रास म्हणजे ओळ पुरी व्हायच्या आत ‘ब्रॅकेट राहिला, ब्रॅकेट’ म्हणून ओरडणारे. दिसतोय मला ब्रॅकेट, जरा थांब की भावा. आम्ही नियमच केलाय, एडिटर जे स्वतः लाल करून दाखवतो ते तोंडानं सांगायचं नाही.

आणि मालकाचा प्रश्न असतोच, दोघांचा पगार आणि काम एक? युटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाचा २००० साली आलेला पेपर यासाठी सगळे दाखवतात, त्यात जोडीला एकूण तास साधारण १५ टक्के जास्त लागले आणि दोष जवळपास तेवढेच कमी निघाले. दुप्पट काही लागले नाहीत. पण विद्यार्थ्यांचे आकडे आहेत, मालकापुढं फार ताणू नका. २००९ मध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, तो मला जास्त पटतो. सोप्या कामात जोडी लवकर उरकते पण दर्जा घसरू शकतो, अवघड कामात दर्जा सुधारतो पण मेहनत बरीच जास्त पडते. आमचा अनुभवही साधारण तसाच, मास्टरची (कायमची माहिती भरायची) स्क्रीन किंवा पावतीचा फॉरमॅट करायला दोघं बसवले की एक जण जांभया देतो आणि दुसऱ्याचं त्याच्याकडं बघून लक्ष उडतं.

तर मित्रा, तुझी चार पोरं म्हणजे दोन जोड्या. तुझं काम कसलं आहे ते मला पुरतं माहीत नाही, नुसत्या वेबसाईट करणार असशील तर पुल रिक्वेस्टवरच राहा, काही बिघडत नाही. क्लायंट परदेशातला असेल, पोरं घरनं काम करणार असतील तरी तेच. पण पैशाचा, वजनाचा, दराचा हिशोब जिथं येतो तिथं मी तरी आता एकट्यानं लिहून रिव्ह्यूला टाकत नाही. आमच्याकडं सकाळी दहा ते एक जोडी, जेवणानंतर ज्याचं त्याचं, आणि जोडीत झालेल्या कामालासुद्धा पुल रिक्वेस्ट असते, फक्त ‘का केलं’ हे लिहून ठेवायला. त्यावर नावांची चर्चा बंद.

तुझ्या ऑफिसात टेबलं अजून यायची आहेत म्हणालास, मग साडेतीन फुटी घेऊ नकोस, पाच फुटी घे. प्रत्येक जोडीला दोन कीबोर्ड, दोन माऊस, स्क्रीन एकच. एका कीबोर्डवर जोडी चालवायला गेलास तर तो कायम मोठ्या आवाजाच्या माणसाकडंच राहतो, आणि आपल्या गावात मोठ्या आवाजाची कमी नाही.